दासीचं वाक्य

नाही, ते वाक्य हार्जोनोचं नाही. लिहून टाकलंस? मग खोड. तुम्ही युनिव्हर्सिटीतली माणसं इथवर येता आणि एकच विचारता — हार्जोनोला ते सुचलं कसं. त्याला नाही सुचलं, पोरी. आमच्या केतोप्राक नाटकात संवाद लिहून देतच नसत. तो मंडळीचा लेखक, म्हणजे काय, तर गोष्ट सांगायचा — राजा हरतो, राणी रडते, पडदा. बोलणं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या जुळवायचं. आणि मी दासी, मला तर बोलायचंच नव्हतं. परक्या राजाच्या वकिलाला भात वाढायचा नि आत जायचं. पण त्या दिवशी पुढच्या रांगेत डच साहेब बसला होता, पाय पसरून — आणि माझ्या बापाच्या शेतात त्यांच्या कारखान्याचा ऊस उभा होता, भाताला जागा नव्हती — मी पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, ‘पाहुणे, तीनशे वर्षं जेवताय. आता हात धुवा आणि घरी जा.’

आधी कुणी हललं नाही. मग मागचे हमाल उठून उभे राहिले, मग सगळाच तंबू.

मला आणि हार्जोनोला, दोघांनाही धरलं. कोर्टात मी सांगितलं, बोलणं माझं आहे. न्यायाधीश हसला. दुभाष्यामार्फत म्हणाला, हिला सही येत नाही, ही कसला राजद्रोह करणार, पढवलेली मैना आहे. तेवढ्यात हार्जोनो उठला — सरदार घराण्यातला, डच शाळेत शिकलेला — आणि शांतपणे म्हणाला, ‘वाक्य माझं आहे. तिनं फक्त उच्चारलं.’ मला वाचवायला म्हणाला, हो, कळतं मला, सगळे तेच समजावतात. पण ‘फक्त’ कशाला म्हणायचं? खोटंच बोलायचं होतं तर तेवढा एक शब्द गाळून नसतं का बोलता आलं?

त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, मला सोडलं. जळफळाट झाला माझा. हसू नकोस — तुरुंगाचा हेवा वाटायचा मला. माझ्या वाक्याची शिक्षा तो भोगत होता आणि पोरं भिंतींवर त्याचं नाव लिहीत होती. मी डबा घेऊन जायची तर पहारेकरीसुद्धा त्याच्याबद्दल अदबीनं बोलायचा, आणि मला म्हणायचा, ए स्वयंपाकीण, इकडून.

सुटला तेव्हा स्टेशनवर ही गर्दी. खोकत होता, पण मला हात देऊन बाहेरच्या बैलगाडीवर चढवलं त्यानं आणि ओरडून सांगितलं, ‘वाक्य हिचं आहे. हिच्याच तोंडून ऐका.’ झालं ना मनासारखं? मी बोलले. जीव ओतून बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढची एक म्हातारी डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, ‘किती छान शिकवलंय त्यांनी तिला.’

त्यानं ऐकलं ते. माझ्याकडे बघायला लागला. मी उतरून सरळ घरी आले. त्यानंतर तो वारला तेव्हाही मी त्याच्या दारात गेले नाही.

काय म्हणालीस? एवढा राग होता तर तीन वर्षं डबा का नेला?

…ऊठ आता. सोलो शहराची बस चुकली तर दुसरी मिळायची नाही तुला.