शाळा नसलेलं गाव

बाई : शाळाच बंद केली? अहो सर, बंद करायला दुसरं काही सापडलं नाही का त्या पोरांना?

सर : बाई, तुम्ही आधी बसा तरी.

बाई : बसतेय कसली! विश्वस्तांची गाडी केव्हाही फाटकात उभी राहील. ही शाळा चालू ठेवायची की पुलापलीकडच्या शाळेत विलीन करायची, ते आज ठरवणार. आणि आपला आठवीचा वर्ग त्यांना पडद्यावर काय दाखवणार? शाळा नसलेलं गाव. तेही भरभराटीला आलेलं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सर : खेळच तसा आहे, बाई. संगणकावर गाव चालवायचं, निर्णय घ्यायचे, परिणाम भोगायचे. तिजोरीत खडखडाट होता. मुलांनी मतदान घेतलं आणि सगळ्यांत मोठा खर्च कापला, शाळेचा. इमारतसुद्धा पाडली.

बाई : आणि तुम्ही भूगोलाचे शिक्षक गंमत बघत बसलात.

सर : मला वाटलं, आपटतील. चार-पाच वर्षांत गावात डॉक्टर मिळेनासा होईल, दुकानं ओस पडतील, मग पोरं आपोआप शहाणी होतील. मी त्याचीच वाट बघत होतो.

बाई : मग? आपटली?

सर : नाही ना! घरी बसून मी तोच खेळ पुढे पळवून पाहिला. डॉक्टर बाहेरून येतात, तयार. इंजिनिअर येतात. कर भरतात, बागेत फिरतात. खेळ बनवणाऱ्यानं शाळेच्या नावावर नुसता खर्च मांडलाय. जमेला काही नाहीच.

बाई : आपल्या विश्वस्तांनीच बनवलाय म्हणा की!

सर : थट्टा सुचते तुम्हाला.

बाई : मग काय रडू? मी आज ना उद्या निवृत्त होईन, तुम्हाला पलीकडे तास मिळतील. पोरींचं काय? तुमच्या त्या गावाची अध्यक्ष आहे ना, तिची आई मला स्पष्ट सांगून गेलीय. पूल ओलांडायचा असेल, तर मुलगी शिवणाच्या दुकानात बसेल. अशा किती असतील! ते काही नाही, शाळा परत उघडा. खेळ मागे नेता येत असेल ना?

सर : येतो. पण पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं होतं, घेतलेला निर्णय मागे घ्यायचा नाही.

बाई : पुसता यावं म्हणूनच फळा असतो, सर.

सर : निदान अध्यक्षांना विचारायला हवं.

बाई : आठवीतल्या पोरीची परवानगी? बोलवा. बोलवा अध्यक्षांना, लोटांगण घालते!

(सर दारातून हाक मारतात. मुलगी आत येऊन टेबलापासून लांबच उभी राहते.)

मुलगी : बाई, बोलावलंत?

बाई : ये, अशी पुढे ये. पाहुणे येतायत, माहीत आहे ना? तेवढ्या वेळापुरती तुमच्या गावातली शाळा उघड. ते गेले की खुशाल बंद कर, माझी ना नाही.

मुलगी : नाही जमणार, बाई.

बाई : नाही?

मुलगी : मतदान झालंय. आणि आम्ही अजून वाट बघतोय.

बाई : तूपण? कसली गं?

मुलगी : तक्रारीची. गावात काही बिघडलं की त्या घरावर लाल निशाण येतं. पाणी गेलं की लगेच. कचरा साठला की गल्लीच्या गल्ली लाल. शाळा बंद केली तेव्हा सगळे पडद्याला डोळे लावून बसलो होतो. एक निशाण आलं तरी उघडायची, असं ठरलं होतं.

बाई : आणि?

मुलगी : एकाही घरावर नाही आलं.

सर : हे मला कधी बोलली नाहीस!

मुलगी : तुम्ही रोज एवढंच विचारायचात, सर. गाव बुडालं का?

बाई : घ्या.

मुलगी : बाई, आपल्याकडे आली का? आपली शाळा बंद होणार म्हणून, कुणाच्या घरून तक्रार?

सर : अगं, असं विचारतात का?

बाई : विचारू द्या. नाही आली, बाळ. नळ गळतो म्हणून आल्या. एकाचा बूट हरवला, त्याचे वडील तर इथे उभे राहून तावातावानं भांडून गेले. ह्याबद्दल कुणी नाही.

मुलगी : माझी आई?

बाई : आली होती. पण ती तक्रार नव्हती.

मुलगी : माहितीय. दुकानात तिला माणूस हवाच आहे.

सर : बाई, गाडी आली! पटकन काय ते सांगा. नेऊ का खेळ मागे? क्षणाचं काम आहे.

मुलगी : सर, नको ना!

बाई : थांबा हो जरा. काय गं, शाळा पाडली, मग त्या जागेवर आता काय आहे?

मुलगी : काही नाही. खेळ सारखा विचारतो, गाड्यांचा तळ करता का, दुकानं काढता का. सगळ्यांत जास्त पैसे त्याच जागेचे देतोय.

बाई : मग विकली का नाहीत? एवढी हिशेबी माणसं तुम्ही!

मुलगी : घेतलं होतं मतदान. कुणी हातच वर केला नाही.

सर : जिन्यात आले, बाई.

बाई : येऊ द्या. चहा मागाहून, आधी त्यांना संगणकाच्या खोलीत न्या. गाव आहे तसं दाखवा, कशाला हात लावू नका. आणि अध्यक्ष, एवढी मोक्याची जागा रिकामी का ठेवलीत, असं त्यांनी विचारलं तर काय सांगशील?

मुलगी : लागली तर असावी म्हणून.