चौथं चाक

लेक : बाबा, आधी डब्याखालून बाहेर या! अकराला लोक येतील, आणि कॅफेच्या मालकिणीचे वडील चाकांमध्ये लोळताहेत.

बाबा : लोळत नाहीये. चाकं ठोकून बघतोय.

लेक : सकाळपासून तिसऱ्यांदा? कॅफे झालेला रेल्वेचा डबा आता कुठे जाणार आहे? मागे स्वयंपाकघराची भिंत बांधलीय.

बाबा : तू कपबशा लाव. माझ्या नादी लागू नकोस.

लेक : कशा लावू? तुम्ही ठोकलं की त्या हलतात. रेल्वेत तीस वर्षं चाकं तपासलीत, हौस फिटली नाही का?

बाबा : गप्प, ऐक. हे तिसरं. आता हे चौथं. काही फरक?

लेक : नाही. दोन्ही खणखणीत.

बाबा : नीट ऐक ना!

लेक : नीटच ऐकलं. बाबा, एवढं काय आहे त्या चाकात?

बाबा : तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. हे चौथं बद्द वाजलं, म्हणून मीच या डब्यावर खडूनं फुली मारली होती. एकवीस वर्षं झाली. जुन्या डब्याचं चाक कोण बदलतंय? काढला मोडीत.

लेक : हाच डबा? आणि मी घेतला तेव्हा बोलला नाहीत?

बाबा : नंबर बघताच ओळखला. जीभ रेटली नाही. त्या दिवशी मला सर्दी होती गं. दोन्ही कान गच्च. पण माझ्यासारखे कान कुणाचे नाहीत, असा तोरा. रजा मागायची लाज वाटली.

लेक : म्हणजे चाक धडधाकट होतं?

बाबा : एकदा तरी बद्द वाजावं म्हणून ठोकतोय सकाळपासून. पळता डबा मी गवतात उभा केला. तुझ्या आईलाही सांगितलं नाही. मला आत पाऊल टाकवत नाही.

लेक : आणि मी दोन महिने समजतेय, तुम्हाला माझा कॅफेच पसंत नाही.

बाबा : वेडी आहेस का!

लेक : याच्या बरोबरीचे बाकीचे डबे कुठे आहेत?

बाबा : झिजले, मग गेले भट्टीत. कधीच.

लेक : हा कसा राहिला?

बाबा : यार्डाच्या कोपऱ्यात विसरले त्याला. उगाच समजूत घालू नकोस. चूक ती चूकच.

लेक : चूकच. पण पहिला चहा तुम्ही प्यायचा. तुम्ही आत आल्याशिवाय मी दार उघडणार नाही. पावणेअकरा झालेत, बाबा.

बाबा : (हातोडी घेऊन डब्याखालून बाहेर येत) या चौथ्या चाकावर कुठलं टेबल येतं?

लेक : खिडकीजवळचं. छोटं.

बाबा : तिथं बसतो. हातोडी कुठे ठेवू?