विहीर प्यालेले फोटो

"हिच्या लग्नाचे फोटोच प्याले आपली विहीर, दुसरं काय!"

…असं काकी म्हणाल्या. स्वयंपाकघरात. सासूबाईंना. आणि मी मागच्या मोरीत भांडी विसळत होते, मधे फक्त खिडकी आणि खिडकीला जाळी, आणि तुम्हाला सांगते, त्या जाळीतून डास आत येत नाही, पण शब्द बरोब्बर बाहेर येतो! हातातलं पातेलं तसंच राहिलं. आता बाई माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं, स्वयंपाक अळणी झाला, पदर नीट नाही, माहेरची आठवण काढते… ह्या सगळ्याची तयारी करूनच मी आले होते. पण विहीर? अख्खी विहीर मी प्याले?

"दोन हजार तीनशे फोटो!" काकी आत बोटं मोडत होत्या. "नवरा एक, नवरी एक, दोन हजार तीनशे कशाला लागतात गं?"

सासूबाई म्हणाल्या, "हळू, ती मागे आहे." काकी म्हणाल्या, "असू दे. ती कुठं बोलते?"

खरंय. मी काही बोलले नाही.

काकी म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. काका जाऊन चार वर्षं झाली, काकी आमच्यातच. घरात शब्द त्यांचा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांचा शब्द रोपांपुरता. आमची रोपवाटिका आहे ना… मिरची, टोमॅटो, कोबी, ट्रेमध्ये बी टाकायचं, महिनाभर तान्ह्या बाळासारखं सांभाळायचं, सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी, आणि मग लोक येऊन घेऊन जाणार. एक दिवस पाणी चुकलं की रोप मान टाकतं. मोठं झाड रुसतं, बोलतं, सावरतं. रोप तसलं काही करत नाही. गप मान टाकतं. मला रोपं कळतात.

तर आमच्या मागच्या कुंपणाला लागून तो खोका. डेटा सेंटर म्हणायचं त्याला, पण गावात सगळे खोकाच म्हणतात, कारण खिडकी नाही, गच्ची नाही, बाहेर वाळत घातलेला एक टॉवेल नाही! पांढरा, लांबच लांब, आणि आत माणसं किती तर म्हणे वीस. आणि त्याचा आवाज… गिरणी सुरू असावी आणि दळण कधी संपूच नये, तसा. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, शेजारी कुणाकडे तरी मोठं कार्य आहे, म्हणून एवढं दळतायत!

तो सुरू झाला आणि विहीर उतरली. मामंजींकडे दोर आहे, त्याला हात-हातभर अंतरावर गाठी मारलेल्या, प्रत्येक गाठीला चिंधी. रोज सकाळी दोर सोडायचा, किती गाठी ओल्या झाल्या ते बघायचं. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. वर्षापूर्वी नऊ ओल्या व्हायच्या. मी आले तेव्हा सहा. आता साडेतीन. चारातल्या दोन शेडनेट, म्हणजे रोपांच्या हिरव्या जाळीच्या शेड, रिकाम्या पडल्या. मामंजी दोर वर ओढतात, चिंध्या मोजतात, पुन्हा मोजतात… जणू मगाशी मोजताना एखादी चिंधी लाजून मागे उभी राहिली असेल!

मग कंपनीचे साहेब आले बैठकीला. गल्लीत त्यांना गोडसाहेब म्हणतात, बोलणं असं की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. शाळेच्या वर्गात बैठक. मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांत गुडघे अडकवून बसलेली, मामंजी मांडीवर दोर घेऊन. भांडायचं ठरवूनच गेले होते सगळे. आणि साहेब काय म्हणावेत?

"अहो, हे आमचं कुठंय? हे तुमचंच आहे! तुम्ही सकाळी उठून फुलाचा फोटो पाठवता, तो राहणार कुठं? लग्नाचे, बारशाचे फोटो काढता, ते राहणार कुठं? इथं! आणि फोटो तापतात हो. मग त्यांना गार ठेवायला पाणी नको? तुमच्याच फोटोंना तुमचंच पाणी!"

झालं. तुम्हाला सांगते, सत्तर माणसं भांडायला गेली होती, सत्तरच्या सत्तर खाली मान घालून घरी आली. मामंजींच्या मांडीवरचा दोर मांडीवरच राहिला.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली बाई. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, ट्रंकेत, शालूच्या खाली. मला वाटलं होतं, हे काहीतरी बरोबर नाही. पण नक्की काय बरोबर नाही, ते सांगता येईना. आणि सत्तर माणसांत पाच महिन्यांच्या सुनेनं हात वर करायचा?

मी काही बोलले नाही.

काकींनी मात्र घरी येऊन हिशेब सरळ केला. "फोटो पुसले तर खोका रिकामा होईल. खोका रिकामा झाला तर पाणी कमी लागेल. आणि आहे तोच रिकामा, तर दुसरा कशाला बांधतील?" कारण दुसरा खोका यायचाच होता, पहिल्याच्या बाजूला, खुणेचे दगडही रोवून झाले होते. आता मला सांगा, काकींच्या बोलण्यात कुठं चूक आहे? साहेबांचं खरं मानलं तर पुढचं सगळं खरंच की हो!

अख्खी गल्ली पुसायला लागली. शिंप्यानं ब्लाउजचे सगळे नमुने पुसले, आणि दुसऱ्या दिवशी एकीची बाही दुसरीला लावली. न्हावी सगळ्यांना एकच कट मारायला लागला, त्याला आता तेवढाच आठवत होता! सासूबाई म्हणाल्या, "सगळे पुसा, तो एक ठेवा, त्यात मी बारीक दिसते." काकी म्हणाल्या, "बारीक माणसाला पाणी लागत नाही काय?" तोही गेला.

पण एक सांगायला हवं. सगळ्यात आधी काकींनी स्वतःचा पुसला. त्यांच्या फोनमध्ये फोटो एकच. काकांचा. खुर्चीत बसलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले, सदऱ्याचं एक बटण चुकलेलं. काकींनी फोन माझ्या हातात दिला. "तू दाब. मला कुठं दाबायचं ते कळत नाही." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या फोटोकडे बघत होत्या. "बटण नीट लावायला सांगितलं होतं मी," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हं. दाब."

मी दाबलं. काय बोलणार होते मी? मी काही बोलले नाही.

मग आमचं लग्न पुसलं. दोन हजार तीनशे. ते आमच्या ह्यांनी पुसलं, ओसरीवर बसून, एकेक. ह्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, बोटांना कायम ग्रीस, त्यामुळे प्रत्येक फोटो जाताना काचेवर एक काळा ठसा उमटायचा, तो बनियनला पुसायचा, पुढचा. मधेच थांबून मला दाखवायचे, "ही कोण गं?" मी म्हणायचे, "ती मीच." "असं होय," म्हणायचे, आणि पुसायचे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी… पाणी वीतभर वर!

काय सांगू तुम्हाला! काकी विहिरीच्या काठावरून ओरडल्या, शिंपी धावत आला, न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन आला. मामंजींनी तीनदा दोर सोडला. वीतभर म्हणजे वीतभर!

मी तेव्हा शेडनेटमध्ये झारी घेऊन उभी होते. आणि मला झारीचा आवाज येत होता. पानांवर थेंब पडल्याचा आवाज! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. म्हणजे गिरणी बंद. मी कुंपणापलीकडे पाहिलं, पिवळ्या टोप्या घातलेली चार माणसं मोठा पंप खोलून बसली होती, त्याचे भाग ताडपत्रीवर मांडलेले. जमिनीतलं पाणी उपसणारा पंप. रात्री सगळे झोपल्यावर बंद पडला असणार, तेवढ्या वेळात विहिरीला श्वास घेता आला, म्हणून पाणी वर आलं.

मला कळलं. तेव्हाच कळलं, त्या झारीजवळ उभी असताना.

पण काकी पदरानं डोळे पुसत होत्या. "ह्यांचा पुसला तो फुकट नाही गेला गं," असं सासूबाईंना सांगत होत्या. आता तुम्हीच सांगा. त्या बाईला जाऊन मी म्हणू, काकी, पंप खराब झाला होता?

मी काही बोलले नाही. चूक तिथंच झाली माझी. बाकीच्या वेळी मला येत नव्हतं म्हणून गप्प होते, त्या दिवशी येत होतं आणि गप्प राहिले.

कारण तिसऱ्या दिवशी पंप सुरू, दळण सुरू, पाणी जिथल्या तिथं. मग काकी म्हणाल्या, "कुणीतरी लपवलंय." घरातले फोन एका ताटात गोळा झाले. आणि माझ्या फोनमध्ये निघाली तीन मिनिटं.

फोटो नाही. हलतं चित्र. लग्नाच्या दिवशी सकाळी मी माहेरच्या स्वयंपाकघरात सहज धरलेला फोन. आई चष्मा शोधतेय. चष्मा डोक्यावर. डबे उचलतेय, मला रागावतेय, "हसतेस काय, मुहूर्त चुकेल, माझा चष्मा बघ!" आणि मी हसतेय, सांगत नाही. तीन मिनिटं सांगत नाही. शेवटी तिचा हात डोक्याला लागतो आणि ती थेट माझ्याकडे बघते… आणि संपतं.

लग्नानंतर पाच आठवड्यांनी आई गेली. बाप आधीच नाही, भाऊ-बहीण नाही. तिचे फोटो आहेत भिंतीवर, पण आवाज तेवढाच. रोज संध्याकाळी रोपांना पाणी घालून झालं की मी ते एकदा बघायचे, त्या दळणाच्या आवाजात फोन कानाशी धरून. घरात कुणाला माहीत नव्हतं. ह्यांना होतं, मी कधी सांगितलं नव्हतं तरी.

हे म्हणाले, "काकी, तेवढं राहू दे ना."

काकी म्हणाल्या, "मी माझ्या ह्यांचा ठेवला?"

काकी दुष्टपणानं म्हणाल्या नाहीत. त्यात काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं असतं तर त्यांनीच माझा हात धरला असता, एवढं मला आज कळतं. पण मी काही बोलले नाही. दाबलं. फोननं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग काकी म्हणाल्या, "तो म्हणे कचऱ्याच्या डब्यात जातो. तिथूनही काढ, तिथं काय जागा खात नाही?" तिथूनही काढलं.

दुसऱ्या दिवशी दोर, साडेतीन गाठी. त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेतीनला दोन बोटं कमी.

आणि त्याच दिवशी दुपारी गोडसाहेब आमच्या ओसरीवर. हातात कागद. दुसऱ्या खोक्यासाठी कुंपणालगत नवीन बोअर मारायचे, शेजाऱ्यांची हरकत नाही अशी सही हवी. "सही करा, रोज एक टँकर पाणी दारात!" मामंजींनी रिकाम्या शेडनेटकडे पाहिलं. पेन हातात घेतलं.

काकी पुढे आल्या, अगदी मानानं. "साहेब, दुसऱ्याची आता गरज नाही. आम्ही अख्ख्या गल्लीनं फोटो पुसलेत. एकही ठेवला नाही."

साहेब आधी बघत राहिले. मग हसले. वाईट नाही हसले, गोडच हसले. "अहो मावशी! ते मी आपलं समजायला सोपं म्हणून म्हटलं! तुमचे फोटो इथं कशाला असतील? इथं परदेशातल्या कंपन्यांची कामं चालतात. तुमचे कुठं असतात, ते मलाही ठाऊक नाही हो!"

मागचं दळण चालूच होतं. काकी खांबाला धरून हळूच खाली बसल्या. "म्हणजे… ह्यांचा फोटो तिथं नव्हताच?" असं म्हणाल्या, पण साहेबांना नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मामंजींनी पेनाचं टोपण काढलं होतं. साहेबांनी बोटानं जागा दाखवली. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते, तो खाली ठेवला, आणि माझाच आवाज मला नवीन वाटला. हे चमकून बघायला लागले, सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि मी म्हटलं,

"मामंजी, थांबा. साहेब, पाणी वीतभर वर आलं होतं ते तुमचा पंप बंद होता म्हणून. काकींनी काका पुसले म्हणून नाही, आम्ही लग्न पुसलं म्हणून नाही. माझी आई पुसली तेव्हा पंप चालू होता, बोटभरसुद्धा आलं नाही. आमच्याकडे आता पुसायला काही उरलं नाही, साहेब… तुमच्यातलं थोडं पुसून बघता का?"