आजोळचा गूळ

मंडळी, आज एकच विचारतो. पाप जमिनीवर केलं तर आपल्याच पायाला लागतं. पण तेच साठ फुटांवरून सोडलं तर? कुणाला लागतं? — बोला की! आत्तापर्यंत तर टाळ फुटेस्तोवर वाजवत होता!

बरं, ऐका. पिंपळसर नावाचं गाव. तिथं केरबा आप्पाचं गुऱ्हाळ. गूळ कसा? कपाळी टिळा लावावा असा पिवळाधमक! एकुलती लेक वैजू, ती दिली मावळतीला, ओढ्यापल्याड कुसळवाडीला. आणि थंडीत वारा वाहतो कुठून? उगवतीकडून! माहेरी रसाची काहील उकळली की सासरी लेकीला वास. भांडी घासता घासता ती गुणगुणायची —

वारा आला उगवतीचा, त्याला पाट मी मांडिते
माझ्या बापाच्या गुळाचा, वास पदरी बांधिते

पुढं काय झालं? केरबाच्या भट्टीत आधी जळायचं उसाचं चिपाड. मग कुणी अक्कल दिली — टायर जाळा, चपलांचे तळ जाळा, भसाभस पेटतं! पेटलं. गाव खोकायला लागलं. सभा भरली. 'टायर नको' म्हणालं का कुणी? छे! शहाणी माणसं ती, तुमच्याआमच्यासारखी! ठरलं — धुराडं साठ फूट चढवा! बायाबापड्यांनी विटा वाहिल्या, नारळ फोडला. धूर वर गेला, गाव लख्ख! 'गेला कुठं?' हे विचारायला देवळातला देव तेवढा उरला होता, तोही दगडाचा!

श्रावणात वैजू बाळंतपणाला माहेरी आली. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद. नातू गुटगुटीत! दिवाळीला ती लेकरू घेऊन सासरी गेली, आणि इकडं भट्टी पेटली. माघात उष्टावण निघालं. तिकडची रीत अशी — पहिल्या घासाआधी बाळाच्या जिभेला आजोळचा गूळ लावायचा. आप्पा निघाले, डोईला फेटा, काखेत ढेप.

उंबरा ओलांडला, तर पोराची छाती वाजतेय — घर्र, घर्र! लोहाराचा भाता जसा!

आप्पा विहीणबाईंवर उसळले, "माझ्या घरी शिंकला नव्हता पोरगा! कसली ही तुमची हवा? कोण चांडाळ धूर सोडतोय? दाखवा, त्यालाच भट्टीत घालतो!"

"अवं पावणं, आमीबी तेच इचारतोय," विहीणबाई म्हणाल्या. "सूनबाई म्हणती, रस्त्याचं डांबर शिजतंय."

"दिवाळीपासून? डांबर हाय का पुरणाचा घाट?"

वैजू मान खाली घालून बसलेली. माहेरची निंदा लेकीच्या तोंडून निघते का हो? चार महिने ती खोटं बोलत होती. बापासाठी!

आप्पांनी बोटावर गुळाचा कण घेतला. बोट पुढं केलं. वैजूनं मनगट धरलं.

"राहू द्या, आप्पा. तुमचा गूळ चाखलाय त्यानं. दिवाळीपासून रोज चाखतोय. नाकानं."

आणि तिनं उगवतीची खिडकी उघडली. समोर धुराडं! आणि काळा धूर कसा — वाट पाठ असलेल्या पाहुण्यासारखा सरळ घराकडं!

आप्पा ढसाढसा रडले. ढेप तिथंच ठेवून अनवाणी गावी आले. आणि भट्टी विझवली!...

टाळ्या वाजवल्यात? थांबा. मलाही असंच सांगावंसं वाटतं. पण तसं झालं नाही. आप्पांनी गाव गोळा केलं, फेट्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "नातवाचा जीव घुसमटतोय रं माझ्या. अजून वीस फूट चढवा."

चढवलं! आता धूर कुसळवाडीवरून पुढं जातो. पुढच्या गावात कुणाची लेक दिलीय, ते आप्पांनी विचारलं नाही. नातवाची छाती अजून वाजते. एकदा बसलेली काजळी फुंकरीनं उडत नाही. आणि वैजू? ती वाऱ्याला पाट मांडत नाही. थंडी पडली की खिडकी लावून घेते.

मंडळी, येताना तुमच्या शिवेवर मी एक धुराडं पाहिलं. नवं कोरं, वर झेंडूचा हार. छान उंच आहे!

चला, नामाचा गजर करू. पण गजराआधी छातीभर श्वास घ्यावा लागतो. घ्या. — आणि तो कुठल्या गावाहून आलाय, तेवढं ओळखा.