जमुनेची दाढ

(अमरावतीच्या कापूसबाजाराबाहेर, चिंचेखाली दात काढणाऱ्या वलीची सतरंजी; बाजूला त्याचा ढोलवाला नत्थुजी.)

रुख्मिणी : दोरी खाली ठेवा आधी. मंग बोलू.

वली : बाई, दोरी कोणाले खात नाई. बडे-बडे पैलवान बांधून बसवतो मी. अन् तुमची पोट्टी तं मिरगीवाली हाय म्हणून राहिल्या नणंदबाई.

आशाबाई : हाय ना. झटका आला का जीभ चावते. परवा माह्या बोटाले चावली, हे पाहा. वलीभाई, दुखते ती दाढ काढा, अन् समोरचे सारेच दात घ्या उपटून. एकदाची कटकट मिटन. माह्या भावानं, खुशालनं, माह्यावर सोपवलं हाय.

रुख्मिणी : समोरचा एक बी नाई. दुखते तेवढी दाढ.

आशाबाई : तुले कोणी इचारलं? तुहा नवरा तिकडे कापसाच्या गाड्या घेऊन ताटकळून राहिला. यंदा बैलाले चांदीच्या घागरमाळा केल्या त्यानं, अन् तू एका पोट्टीच्या तोंडापायी...

रुख्मिणी : बैलाले मुकुट घाला, वन्सं. माह्या पोरीनं भाकर कशानं खावी ते सांगा.

आशाबाई : कालवून खाईन. मी नाई खात?

रुख्मिणी : तुमचे पडले. हिचे तुमी पाडून राहिल्या.

वली : बरं, दाढ कोणती? ही तं कान धरून बसली.

रुख्मिणी : आमी बी तेच पाहिलं. पावसाळाभर कानात तेल टाकलं. मंग ध्यानात आलं, भाकर डाव्याच अंगानं चावते. गार तांब्या उजव्या गालाले लावून बसते. अन् वन्संनी लवंग ठेवाले बोट घातलं ते बी उजव्याच अंगाले. म्हणून चावली. दुखल्यावर त्या बी चावल्या असत्या.

आशाबाई : मी? मी चावली असती?

रुख्मिणी : दात असते तं.

वली : बस करा बाई, हसू येते मले. नत्थुजी, ढोल घे. ढोल वाजला का ओरडणं ऐकू जात नाई, बाकीचं गिऱ्हाईक भेत नाई.

रुख्मिणी : ढोल बी नाई. पोळ्याले ढोल वाजला, ही भेली, तं चौघांनी दाबून धरली. तवाच डोळे पांढरे केले हिनं. तुमी बांधा, वाजवा, अन् मंग म्हणा मिरगी आली.

वली : अन् हलली तं? जबडा फुटन. ढिली गठाण रस्त्यातच सुटते, बाई.

रुख्मिणी : हे कापसाची गठाण नाई. तिले इचारा.

आशाबाई : घ्या! तिले इचारा! बारा वर्षांची झाली, 'माय', 'आ' अन् 'नाई' सोडून चौथा शबद येत नाई.

रुख्मिणी : 'नाई' येते ना? मंग झालं. वलीभाई, तुमचा चिमटा माह्या तोंडात घाला आधी.

वली : तुमच्या? चांगल्या दाताले?

रुख्मिणी : नुसता टेकवा. मी करतो ते करते ती. जमुना, पाह्य इकडे. आ...

जमुना : माय, आ!

रुख्मिणी : हो, मायनं आ केलं. चिमटा वाजवा आता माह्या दातावर, तिले ऐकू जाऊ द्या.

वली : या अल्ला. हे पाह्य बेटी. टक. टक. दुखलं मायले?

जमुना : नाई!

रुख्मिणी : ये मांडीवर. हात माह्या गळ्यात. आता तू कर आ.

जमुना : नाई.

वली : संपलं.

रुख्मिणी : संपलं नाई. थांबायचं.

आशाबाई : इथंच दिवस बुडन! धरतो मी हिचे हात...

रुख्मिणी : हात लावला तं मी चावीन, वन्सं. मले सारे दात हाय.

वली : बसा, आशाबाई. मी थांबतो.

जमुना : माय... आ.

वली : हां. उजव्या अंगाले. पार पोखरली हो, हालूनच राहिली. जरासं बेटी... जरासं...

जमुना : माऽऽय!

रुख्मिणी : हाय मी. हाय. गळा दाब माहा. दाब जोरात.

वली : निघाली! घे बेटी, धर हातात. कापूस लावतो आता. झटका?

रुख्मिणी : नाई आला. तुमच्याकडे पाहून राहिली.

आशाबाई : बसलीच हाय तं समोरचे बी घ्या मंग. अन् ते किडकी दाढ दे इकडे जमुना, टाकून देतो.

जमुना : नाई. माही.

आशाबाई : काय म्हणाली हे?

वली : नत्थुजी, दोरी गुंडाळ.