सलामीचं पान

“प्रजासत्ताक दिनाच्या अल्बमचं असं पान केलंय, अख्खा देश बघत राहील!”

दंतवैद्याच्या दवाखान्यात धाकटी जाऊ मोबाइल पुढे करत म्हणाली. शेजारी बाजारातले घड्याळजी दुखरी दाढ धरून बसले होते; त्यांनी कान टवकारले.

“अगं, पण यात मामंजी कुठेत?” थोरलीनं विचारलं.

“झेंड्याखाली, सलाम ठोकताहेत की!”

“इथे नुसते बूट आहेत.”

“अगंबाई! मी अ‍ॅपला फक्त मागची भिंत पुसायला सांगितली होती.”

“त्यानं मामंजींनाही भिंतीत धरलं. कुणाला पाठवलंस?”

“सगळ्या नातेवाइकांना. मामंजींनासुद्धा.”

घड्याळजी दाढ विसरले.

“आणि वर ठळक अक्षरांत काय लिहिलंयस? ‘यांच्यामुळेच आपण आहोत’?”

“मेले मी! तीस वर्षं सैन्यात काढलेला माणूस, काय वाटेल त्यांना? घरी कुठल्या तोंडानं जाऊ?”

“फोन वाजतोय बघ. त्यांचाच. उचल.”

“मामंजी, चुकलं हो माझं…”

म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज घड्याळजींपर्यंत पोचला.

“सूनबाई, पान पाहिलं. बूट फारच मळलेत गं. येताना काळ्या पॉलिशची डबी तेवढी घेऊन ये.”