वरच्या टोकाचा दोरा

माणिकप्पा : ते सगळं खरं, पोरी. पण ह्याला ब्रेक कुठं हाय?

दामिनी : अप्पा, बोटीला ब्रेक नसतो.

माणिकप्पा : मंग झालं. आयुष्यभर मालट्रक चालवला मी, मुरुड ते हैदराबाद. बिगरब्रेकच्या गाडीत लेकीला बसवू? ते बी गोव्याहून लक्षद्वीपला, भर समुद्रात?

जगदेवी : आधी मला सांगा, ह्या धरणात पाणी किती खोल हाय?

दामिनी : अव्वा, जाकीट घातलंयस ना? आता बुडायचं म्हटलं तरी बुडणार न्हाईस.

जगदेवी : बुडायचं कोण म्हणतंय?

दामिनी : अप्पा, तुमच्यासाठी ही बोट टेम्पोत घालून आणली मी. काल काय ठरलं? पळती बोट थांबवून दाखवली तर जायचं. शब्द तुमचा हाय.

माणिकप्पा : हाव, माझाच. दाखीव.

दामिनी : हे मधलं मोठं शीड कायम असतं. पुढं ती उभी गुंडाळी दिसते का? ते हलकं शीड. वारं पाठीमागून आलं की उघडायचं. त्याला खाली चकरी, वर भिंगरी. हा दोर ओढला की दोन्ही फिरतात अन् कापड गुंडाळून जातं.

माणिकप्पा : दुकानाच्या शटरावाणी.

दामिनी : तसंच, फक्त उभं. आता उघडते. बघा.

जगदेवी : अगं माय. मांडवच की गं. अन् कापड कसलं, नुसता वारा शिवलाय.

माणिकप्पा : पळाली की. धूर न्हाई, आवाज न्हाई. जगदेवी, पदर सांभाळ, न्हाईतर तुझं बी शीड व्हईल.

जगदेवी : तुमी पुढं बघा. त्या बाभळी हायत ना, पाण्यात बुडालेल्या?

दामिनी : तिथं जायच्या आधीच गुंडाळते. हं, आता दोर ओढते. ध्यान द्या, अप्पा.

माणिकप्पा : देऊन राहिलो. काय झालं?

दामिनी : चकरी फिरायलीय, पण वरची भिंगरी फिरेना. वरच्या दोराला पीळ बसायलाय. काल अंगणात तर झकास फिरत होती.

जगदेवी : भिंगरी म्हंजे ती वरच्या टोकाची, गरगर फिरणारी?

दामिनी : अव्वा, काय केलंस?

जगदेवी : काय न्हाई. सकाळी कपिलधारचा दोरा बांधला.

दामिनी : तिथं?

जगदेवी : मंग देवाचा दोरा काय पायाशी बांधू? शीड जिमिनीवर पडलं व्हतं, वरचं टोक हाताशी आलं. ते सारखं फिरायलं, दोरा बसंना. म्हणून वरचं-खालचं मिळून आवळला. ह्यांच्या ट्रकाला बांधत व्हते तसा.

माणिकप्पा : तुझी गाठ कुणाला सुटायची न्हाई. मंग गुंडाळायचं सोडा आता.

दामिनी : अप्पा, सुकाणूची ही दांडी धरा.

माणिकप्पा : मी?

दामिनी : मला दोन्ही हात पाहिजेत. वारं बरोबर पाठीवर घ्यायचं. मोठ्या शिडाच्या आडोशाला आलं की हलकं शीड गप पडंल. दांडी थोडी उजवीकडं ओढा, बोट डावीकडं वळंल.

माणिकप्पा : सगळंच उलटं.

दामिनी : उलटं असू द्या. हळू. बस, तेवढंच. आधी पीळ सोडते... सुटला. आता पुरं शीडच खाली घेते. अव्वा, कापड पाण्यात जाऊ देऊ नको. पाऊस आल्यावर वाळवणीची लुगडी ओढतीस तसं ओढ.

जगदेवी : लुगडी अशी अंगावर येत न्हाईत, बाई.

दामिनी : गोळा करून त्याच्यावर बस.

जगदेवी : देवाचा दोरा हाय त्याला. बसू कशी?

दामिनी : दोरा बांधलेलं टोक अजून वर हाय. बस खुशाल.

जगदेवी : हे बघ, बसले.

दामिनी : ते टोक तेवढं हातात घे. अप्पा, दांडी द्या इकडं. आता बोटीचं तोंड वाऱ्याकडं फिरवते... थांबली.

माणिकप्पा : थांबली खरी. समोरच्या बाभळीवर बगळा बसलाय, त्याचा डोळा दिसायलाय मला.

(पाणी बोटीला थापट्या मारतं.)

जगदेवी : चूक माझी झाली. अहो, तिला नका अडवू.

दामिनी : न्हाई, अव्वा. गुंडाळून दाखवते म्हटलं, ते जमलं न्हाई. अप्पा, भिंगरी मोकळी करून उद्या परत दाखवते. मंग सांगा.

माणिकप्पा : उद्या कशाला? ब्रेक लागला तर गाडी कुणी बी थांबवतंय. घाटात माझा ब्रेक गेला व्हता तवा क्लीनरच्या आधी मी बोंबललो. तू तर मायला कुठं बसायचं ते सांगून राहिली व्हतीस.

दामिनी : म्हणजे जाऊ?

माणिकप्पा : निघायचं कधी हाय?

दामिनी : दिवाळी झाल्यावर. तेव्हा वारं पाठीमागून मिळतं.

माणिकप्पा : मंग दिवाळी करून जा.

जगदेवी : अन् ह्या दोऱ्याचं काय करू? गाठ सोडलीय मी. माझी गाठ मलाच सुटते.

माणिकप्पा : टाकू नको. पोरीच्या मनगटाला बांध.

जगदेवी : आण गं हात.

माणिकप्पा : जरा सैल बांध. हात फिरला पाहिजे.